पंचमीचं परतीचं विमान

गिरिजा विमानातून उतरली तेव्हा वैजनाथ बिराजदारांनी आधी तिच्या तोंडाकडं नाही, हाताकडं पाहिलं. हातात एक कापडी पिशवी होती आणि तीही निम्मी रिकामी. त्यात साडी मावली नसती, साधा टॉवेलसुद्धा मावला नसता. झालं! म्हणजे लेक आज संध्याकाळीच परत जाणार.

"अप्पा, तुम्ही कामून आलाव? मी आले असते की रिक्षानं," पाया पडत गिरिजा म्हणाली.

"पंचमीला आलेली लेक रिक्षानं घरी येती व्हय?" वैजनाथराव म्हणाले आणि पिशवी घ्यायला हात पुढं केला. पिशवीत घेण्यासारखं काही नव्हतं, तरी घेतली.

लातूरच्या विमानतळावरचीच ही गोष्ट. साल कोणतं म्हणाल तर फार लांबचं नाही. आज जी पोरं शाळेत जाताना रडतात ती तेव्हा नोकरीला लागली असतील, एवढंच. वैजनाथराव याच विमानतळावर नोकरीला होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांचं काम एकच, विमान उडायला सोडायचं की नाही ते ठरवायचं. आता हे काम काय असतं ते कळायचं तर आधी ते विमान कळायला हवं.

नऊ माणसांचं, विजेवर चालणारं, वैमानिक नसलेलं असं ते छोटं विमान. जुन्या बॅटऱ्यांत द्रव असायचा, तो तापायचा, प्रसंगी पेटायचा, आणि वजनाच्या मानानं वीज साठवायचा थोडीच. मग पूर्णपणे घन पदार्थांच्या बॅटऱ्या निघाल्या. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज मावू लागली आणि ज्या धावपट्ट्यांवर शेळ्या चरत होत्या तिथं विमानं उतरायला लागली. लातूरहून रत्नागिरीला जाणारी दोनशे माणसं रोज कुठून आणणार? नऊ मात्र मिळतात.

पण या विमानाची एक खोड आहे. तेलावरचं विमान उडता उडता तेल जाळतं आणि हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन काही कमी होत नाही. विमान जेवढं जड चढतं तेवढंच जड उतरतं. त्यामुळं कुठं किती वीज लागणार हे जमिनीवर असतानाच नक्की ठरवावं लागतं, आणि नेमका तिथंच वारा खोडा घालतो. लातूर ते रत्नागिरी सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. वारा पडलेला असेल तर पंचावन्न मिनिटांचं काम. पण श्रावणात समुद्रावरून वारा सुटतो. रत्नागिरीहून येताना तो पाठीशी असतो, त्यामुळं पाऊण तासात माणूस लातुरात. परत जाताना तोच वारा समोरून घ्यायचा, म्हणजे तास उलटून जातो. त्यात मधे सह्याद्री. ओढ्यातल्या धोंड्यावरून पाणी उसळतं आणि पुढं हेलकावत जातं, तसा हा वारा घाटाच्या कड्यावर आपटून वर चढतो आणि अलीकडं मैलोन्‌मैल हेलकावत राहतो. त्या हेलकाव्यांत विमानाची वीज भसाभस संपते.

"लेकीला माहेराकडं ढकलतोय आणि सासरी जाताना अडवतोय," वैजनाथरावांच्या पत्नी निर्मलाबाई म्हणायच्या. "वाऱ्यालासुद्धा रीत कळती बघा." त्या जाऊन दोन वर्षं झाली होती.

विमान नव्हतं तेव्हाची पंचमी वेगळी होती. गिरिजाचं लग्न होऊन ती रत्नागिरीला गेली. नवरा चेतन खानापुरे मूळचा उदगीरचा, पण तिकडं बंदरात नोकरीला. तिलाही तिथंच समुद्री शेवाळावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. नागपंचमीला लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. गिरिजाला भाऊ नव्हता, म्हणून वैजनाथराव स्वतःच मुराळी होऊन जायचे. रात्रभराची एसटी, तिकडं एक मुक्काम, मग लेकीला घेऊन परत दिवसभराची एसटी. आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, सोलापूर, तुळजापूर, असं हाडं खिळखिळी करत घरी. कंबर धरायची. निर्मलाबाई तेल चोळताना हसायच्या.

गिरिजा लहानपणापासून मुखदुर्बळ. "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे," यापुढं काही नाही. पण त्या एसटीत काय व्हायचं कोण जाणे, मिरज मागं पडलं की ती बोलायला लागायची. खिडकीबाहेर बघत, तुकड्यातुकड्यांनी. सासूचं, नवऱ्याचं, नोकरीतल्या कटकटीचं, एकदा पोटातलं बाळ गेलं त्याचं. ते तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. वैजनाथराव बाजूला बसून नुसतं "हं" म्हणायचे. वर्षाचं सगळं बोलणं त्या एका दिवसात व्हायचं.

विमान सुरू झालं तेव्हा त्यांनीच पेढे वाटले होते. का नाही वाटणार? लेक पाऊण तासावर आली! पुढं काय होणार ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आधी लेकी वर्षाला दोनदा यायच्या आणि आठ-आठ दिवस राहायच्या. आता महिन्याला येऊ लागल्या आणि जेवून जाऊ लागल्या. जावई तर नुसता चहा घेऊन जायचे. गंजगोलाईतला गादीवाला म्हणायचा, "साहेब, पाहुण्यांसाठी गादी करून घ्यायला माणूसच येईना झालाय." कसा येईल? पाहुणे येत होते, पण रात्र कुणी काढत नव्हतं. अंतर कमी झालं ते खरं, पण त्याबरोबर राहायचं कारणही गेलं. आणि कारण नसताना राहा म्हणायला जीभ रेटावी लागते. वैजनाथरावांची जीभ त्या बाबतीत अगदीच कच्ची होती.

ते खातं निर्मलाबाईंचं. त्या पाहुण्याला राहायला लावायच्या म्हणजे लावायच्याच. "राहा गं, उद्या जा," असं तीनदा म्हणायच्या. नाहीच ऐकलं तर सरळ चपला लपवायच्या. एकदा चेतनची चप्पल त्यांनी ज्वारीच्या कणगीत टाकली होती. जावईबापू घरभर शोधून थकले आणि शेवटी हसत म्हणाले, "राहतो, बाई, राहतो!"

घरी आल्यावर वैजनाथरावांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पंचमीला तवा चढवत नाहीत, विळी-सुरीला हात लावत नाहीत. पुरणाची दिंडं वाफवायची. शेजारच्या शकुंतलाबाईंना विचारून विचारून त्यांनी पहाटेपासून खटपट केली होती. निम्मी दिंडं फुटून पुरण पाण्यात गेलं होतं.

"अप्पा, हे काय करून ठेवलंय?" भांड्यात डोकावत गिरिजा हसली.

"फुटलेली मी खातो. तुला सात चांगली काढून ठेवलीत."

"सात? मी काय पैलवान आहे?"

ती दोनच खाऊ शकली. तीही चिवडत. वैजनाथराव बघत होते. पोरगी उतरली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि दोनदा ती काहीतरी बोलायला तोंड उघडून गप्प बसली.

"अप्पा," ती शेवटी म्हणाली, "मला एक बोलायचं होतं."

"बोल की."

ती ताटातल्या तुपाकडं बघत राहिली. आणि इथं वैजनाथरावांनी काय करावं? इतकी वर्षं विमानं वेळेवर सोडायची सवय हाडीमाशी खिळलेली. नजर आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. "मला तीनला ड्यूटीवर जायचंय," ते म्हणाले. "रेश्मा कांबळेची पाळी होती, पण तीही पंचमीला माहेरी गेलीय. तू आधी पोटभर जेव, मग बोलू."

"हां," गिरिजा म्हणाली. "मग बोलू."

मग कसलं बोलणं! शकुंतलाबाई आल्या, गिरिजाच्या हातावर मेंदी नाही म्हणून रागावल्या, कॉलनीतल्या लिंबाच्या झोक्यावर तिला ओढून नेलं. प्रयोगशाळेचे दोन फोन आले. तीन कधी वाजले कळलं नाही. वैजनाथराव दाराशी बूट घालत होते आणि मनात एकच वाक्य घोळत होतं. राहा गं, उद्या जा. एवढं साधं वाक्य. तिची नोकरी, तिचा संसार. आपण म्हातारे झालो म्हणून तिच्या गळ्यात का पडायचं? ती नको म्हणाली तर? असं म्हणून म्हणून त्यांनी ते वाक्य गिळलं आणि म्हणाले, "साडेपाचचं विमान आहे. पाचला ये. उशीर करू नको."

"बरं, अप्पा."

ती दारात उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. ते मागं वळून न बघता निघाले.

ड्यूटीची खोली पहिल्या मजल्यावर. एका भिंतीला काच, त्यातून धावपट्टी दिसायची. दुसऱ्या भिंतीवर पडदा. पडद्यामागं जे हिशेब करणारं यंत्र होतं त्याला विमानतळावर सगळे मास्तर म्हणायचे, कारण ते कधी चुकत नसे आणि कधी हसत नसे. समुद्रातली तरंगती यंत्रं, घाटमाथ्यावरचे मनोरे, आधी येऊन गेलेली विमानं, सगळीकडून वाऱ्याची खबर मास्तरकडं यायची. त्यावरून तो सांगायचा, रत्नागिरीला पोचल्यावर बॅटरीत किती शिल्लक राहील. तिथं उतरता आलं नाही तर कोल्हापूरला वळण्यापुरती वीज उरायलाच हवी, म्हणून किमान वीस टक्के. त्याच्या खाली विमान हलायचं नाही.

मग माणूस कशाला? तर माणसाला एक अधिकार ठेवलेला होता. त्याच्या अनुभवाला धोका वाटला तर तो ही किमान शिल्लक वाढवू शकायचा. कमी मात्र करू शकायचा नाही. म्हणजे नाही म्हणायचा अधिकार होता, हो म्हणायचा नव्हता. आणि एकदा वाढवलेली शिल्लक त्या उड्डाणापुरती पुन्हा खाली यायची नाही. नाहीतर कुणा बड्या माणसाचा फोन आला की अधिकाऱ्यानं आकडा खाली आणला असता. नियम करणाऱ्यांना आपली माणसं चांगली माहीत होती.

इतक्या वर्षांत वैजनाथरावांनी हा अधिकार फार थोड्या वेळा वापरला होता. प्रत्येक वेळी खरोखर कारण होतं. एकदा तर नंतर कळलं, त्यांनी अडवलं नसतं तर विमान घाटावर अडचणीत आलं असतं. तेव्हापासून मुख्य कार्यालयात त्यांच्या शब्दाला किंमत होती.

पाच वाजले. पडद्यावर मास्तरचा निकाल आला. शिल्लक बावीस टक्के, उड्डाणास हरकत नाही.

काचेतून खाली बघितलं तर गिरिजा येताना दिसली. तीच कापडी पिशवी. शकुंतलाबाईंनी शेवटी हातांवर मेंदी लावून दिली होती, म्हणून ती पिशवी कोपरात अडकवून, हात पुढं धरून चालत होती. लहानपणी अशीच चालायची. आता ही जाणार. आपण घरी जाऊन ती उरलेली पाच दिंडं खाणार, दिवा मालवणार आणि झोप येईपर्यंत छताकडं बघणार. तिला काय बोलायचं होतं ते पुढच्या महिन्यात, नाहीतर दिवाळीत, नाहीतर कधीच नाही.

त्यांना एकदम चपलांची आठवण झाली. निर्मला चपला लपवायची. कुणी तिला खोटारडी म्हटलं का? सगळे हसायचेच ना? आपल्याला बोलता येत नाही, पण आपल्याकडं विमान आहे. एक रात्र. नऊ माणसं एक रात्र माहेरी राहतील, एवढंच. पंचमीचा दिवस आहे, कुणाचं काय बिघडतंय?

त्यांनी किमान शिल्लक वीसवरून पंचवीस केली.

"कारण?" मास्तरनं विचारलं.

"घाटावर वाऱ्याचे हेलकावे वाढतील असं वाटतं," वैजनाथराव म्हणाले.

"मान्य," मास्तर म्हणाला. त्यांचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता, मास्तर तरी कशाला शंका घेईल? पडद्यावरची हिरवी ओळ लाल झाली.

जिना उतरताना वैजनाथरावांना हलकं वाटत होतं. काय काय करायचं ते त्यांनी ठरवूनही टाकलं. शकुंतलाबाईंकडून भाकरी आणू. गच्चीवर सतरंजी टाकू. घड्याळ काढून ठेवू. ती बोलेपर्यंत गप्प बसू.

खाली हॉलमध्ये मात्र वेगळंच चाललं होतं. प्रवासी कुरकुरत होते, त्यांचं काही नाही, कुरकुरायचं असतंच. पण मधल्या बाकावर एक तरुण बाई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडत होती आणि गिरिजा तिच्यापुढं उकिडवी बसली होती. ओल्या मेंदीचे हात तिनं बाजूला धरले होते, कशालाच लागू न देता.

"काय झालं?" वैजनाथरावांनी विचारलं.

काउंटरवरची प्रणोती हळू आवाजात म्हणाली, "काका, त्या वर्षाराणी माने. पाच महिन्यांचं बाळ रत्नागिरीला सासूपाशी ठेवून आल्यात. बाटलीचं दूध घेत नाही म्हणे ते. सासू म्हणाली, तासाभराचं तर जाणं-येणं, पहिली पंचमी आहे, जा आईला भेटून ये. दुपारपासून बाळ रडतंय. अंगावरचं पाजायला कुणी आहे का म्हणून आजी गल्लीभर विचारत फिरतीय."

वर्षाराणीनं वर बघितलं. "साहेब, वारा कधी पडेल?" तिनं विचारलं. पदर छातीशी घट्ट धरला होता आणि तो ओला झालेला दिसत होता. "तासाभरानं सुटलं तरी चालेल. दोन तासांनी सुटलं तरी चालेल मला."

वैजनाथराव वळले आणि या वयात दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

"शिल्लक पुन्हा वीस कर," ते धापा टाकत म्हणाले.

"या उड्डाणासाठी वाढवलेली शिल्लक कमी करता येत नाही."

"अरे माझं चुकलं! हेलकावे-बिलकावे काही नाहीत. तू स्वतः बघ ना, तुझ्याकडं मनोऱ्यांची खबर आहे की!"

"माझ्या हिशेबानं शिल्लक बावीस टक्के आहे, वारा पाहता सकाळपर्यंत तेवढीच राहील," मास्तर म्हणाला. "आपण घालून दिलेली मर्यादा पंचवीस आहे. आपला अनुभव ग्राह्य धरला आहे."

"आग लागो माझ्या अनुभवाला!"

वैजनाथरावांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, खरं काय ते सांगितलं. पलीकडचा अधिकारी म्हणाला, "बिराजदार, तुम्ही? तुमच्याकडून हे?" आणि पुढं म्हणाला, की आकडा खाली आणायची सोय त्याच्याकडंही नाही, कुणाकडंच नाही. दुसरं विमान आज मिळणार नाही. चौकशीचं नंतर बघू.

ते पुन्हा खाली आले तेव्हा गिरिजानं गाडी ठरवली होती. रस्त्यानं नऊ तास. वर्षाराणी तोंडावर पाणी मारायला गेली होती. गिरिजा दाराबाहेरच्या नळावर हात धूत होती. मेंदी अजून रंगली नव्हती, हिरवा चिखल तेवढा वाहून जात होता.

"मी जाते तिच्याबरोबर," ती म्हणाली. "एकटी कशी पाठवायची एवढ्या लांब? तिचं चित्तही ठिकाणावर नाही."

"तू कशाला? तू राहा. मी दुसरी सोय..." ते वाक्य वैजनाथरावांनी अर्ध्यावर सोडलं. राहा हा शब्द आज पहिल्यांदा तोंडून बाहेर पडला होता आणि काय वेळेला!

गिरिजानं हात झटकले आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. तिचं अर्धं आयुष्य या माणसाच्या तोंडून वाऱ्याच्या गोष्टी ऐकण्यात गेलं होतं. बाहेर धावपट्टीवरचा वारा दाखवणारा कापडी बोंगा अर्धामुर्धा हलत होता.

"अप्पा, घाटावर खरंच वारा होता?"

खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. वैजनाथरावांनी मान हलवली. नाही.

"मग?"

"तुला काहीतरी बोलायचं होतं," ते म्हणाले. "मी घड्याळ बघितलं. माझीच चूक. मला वाटलं एक रात्र राहिलीस तर... तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं राहायला. मला नाही जमत गं ते."

गिरिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं, ती चिडली नाही. तेच जास्त लागलं.

"मी काउंटरवर उभी होते, अप्पा," ती म्हणाली. "तिकीट उद्यावर ढकलत होते. प्रणोतीला विचारा. तुमचं उद्याचं पक्कं झालं म्हणून ती सांगतच होती, तेवढ्यात हॉलमधला पडदा लाल झाला आणि ही बाई मटकन खाली बसली."

वैजनाथरावांनी दारातून काउंटरकडं वळून बघितलं.

"मला वाटलं, तुम्ही घरी आलात की सांगावं, मी राहिले. तुम्ही म्हणत नाही तर आपणच राहावं."

"मग आता राहा की! तिच्याबरोबर दुसऱ्या कुणाला तरी... शकुंतलाबाईंना विचारतो..."

"कसं राहू?" गिरिजा म्हणाली. "तिचं बाळ तिकडं रडतंय, ते माझ्या बापानं रडवलंय. मी इथं गच्चीवर बसून तुमच्याशी बोलू शकेन का? तुम्ही तरी ऐकू शकाल?"

गाडी समोर येऊन उभी राहिली. वर्षाराणी आत जाऊन बसलीही.

"मी येतो बरोबर," वैजनाथराव म्हणाले. "रस्त्यानं बोलू."

"तुमची ड्यूटी आहे. जळगावचं विमान उतरायचंय अजून. आणि तिच्यासमोर काय बोलू मी?"

"मग फोनवर सांग. रात्री कर फोन. मी जागा राहतो."

गिरिजानं पिशवी कोपरातून काढून हातात घेतली. "फोनवर सांगता आलं असतं तर मी आले असते का, अप्पा?" असं म्हणून ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि गाडीत बसली. गाडीनं वळण घेतलं तेव्हा ती वर्षाराणीला बाटलीतलं पाणी देत होती.

तिला जे सांगायचं होतं ते चांगलं होतं की वाईट, एवढंसुद्धा वैजनाथरावांना कळलं नव्हतं. जळगावचं विमान त्यांनी उतरवून घेतलं. घरी गेले. दिंडांकडं बघवलं नाही, शकुंतलाबाईंच्या गाईला नेऊन घातली.

गिरिजाचा फोन आला तो सकाळी. "पोचलो. बाळ आईपाशी आहे, बरं आहे. मी आता झोपते." बस, एवढंच. तुझं काय, हे विचारायचं म्हणून वैजनाथरावांनी श्वास घेतला तोवर तिनं फोन ठेवला होता.

चौकशीला दोन दिवसांनी लातूरला माणूस येणार होता. तोपर्यंत काम करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच ड्यूटीवर. पाच वाजता मास्तरनं हिशेब मांडला. घाट निवांत होता, शिल्लक भरपूर होती. वैजनाथरावांनी कुठल्याही आकड्याला हात लावला नाही.

प्रवाशांची नावं त्यांनी सकाळीच बघितली होती. सात जण कालचेच, एक नवा. नववं नाव गिरिजा चेतन खानापुरे. तिनं काल पक्कं केलेलं तिकीट रद्द करायचं गडबडीत राहून गेलं होतं. प्रणोतीला सांगितलं असतं तर तिनं एका झटक्यात ते काढून टाकलं असतं. सांगू सांगू म्हणता त्यांनी दिवसभर सांगितलं नाही. तेवढं एक नाव त्यांना तिथं राहू द्यायचं होतं.

साडेपाचला आठ जण विमानात जाऊन बसले. विमानाचं दार उघडंच राहिलं.

"काका," विमानाच्या दाराशी उभ्या असलेल्या प्रणोतीनं वर फोन केला. ती जरा चाचरत होती. "एक प्रवासी आलेला नाही. नाव पुकारावं लागेल. तुम्हाला नको असेल तर मी पुकारते."

लातूरच्या विमानतळावर घोषणा करायचं कामही ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याचंच. न आलेल्या प्रवाशाचं नाव तीनदा पुकारल्याशिवाय विमानाचं दार बंद होत नाही, असा नियम.

"नको," वैजनाथराव म्हणाले. "मी पुकारतो."

त्यांनी माइक पुढं ओढला, घसा साफ केला. "रत्नागिरीला जाणाऱ्या प्रवासी गिरिजा चेतन खानापुरे. आपण जिथं असाल तिथून दाराशी यावं."

खालच्या हॉलमध्ये झाडूवाली तेवढी होती. तिनं मान वर करून कर्ण्याकडं बघितलं आणि पुन्हा झाडायला लागली.

"गिरिजा चेतन खानापुरे. विमान आपल्यासाठी थांबलं आहे."

खिडकीतून उन्हाची तिरीप पडद्यावर आली होती, त्यामुळं अक्षरं नीट दिसत नव्हती. वैजनाथरावांनी डोळे पुसले, तरी दिसेनात.

"गिरिजा," ते तिसऱ्यांदा म्हणाले, आणि पुढचं नाव घ्यायचं राहिलं.

फोनवर प्रणोती वाट बघत होती. "काका, झालं तीनदा. दार बंद करू ना?"

"थांब जराशी," वैजनाथराव म्हणाले आणि माइक तसाच चालू ठेवून काचेतून खाली, बाहेरून येणाऱ्या रिकाम्या वाटेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कर."